बापू परबांचे पाहुणे

बापू परब मेलेल्यांना जेवायला हाका मारत. नावं ठाऊक नसत, म्हणून कपड्यांवरून मारत. सर्वपित्री अमावास्येला भर दुपारी आमच्या जोगेश्वरीच्या चाळीमागून आवाज यायचा, "लाल शर्टवाल्यानू, येवा! छत्रीवाल्यानू, जेवूक चला! वयनी, तुमी लाजा नको!" नवे भाडेकरू धडाधड खिडक्या लावून घेत.

हे पाहुणे सगळे बेवारस. रडायला कोणी नाही असं प्रेत स्मशानात आलं, की तिथला माणूस बापूंना निरोप धाडी. गिरणीतून निवृत्त झालेले बापू जाऊन खांदा देत, पाणी देत आणि चेहरा-कपडे नीट लक्षात ठेवत. "तेंका कोण बोलवतलो?" ते म्हणत. "ज्येका कोण नाय तेकाय घास ठेवचो, असो आपलो धर्म. धर्म नुसतो बोलूचो नाय रे, करूचो." चाळीतले सत्यनारायण घालणारे यावर मान डोलवत, पण बापूंबरोबर जिन्यात एकटं सापडायचं टाळत. कारण चढता चढता बापू मध्येच भिंतीला चिकटून कुणाला तरी वाट देत. कुणाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

एका वर्षी अमावास्येलाच बापू तापाने फणफणले. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पानं मांडायला मी गेलो. चाळीमागचा कातळ धुऊन त्यावर ओळीने पानं मांडली. रेशनच्या तांदळाचा भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार. बापू घोंगडी पांघरून बसले आणि हाका सुरू झाल्या. एका हाकेला एकच कावळा उतरे, आपल्या पानावर जेवे आणि उडून जाई. भांडण नाही, कावकाव नाही. मला ते काही बरं वाटेना.

छत्रीवाल्यांच्या पानाला मात्र कावळा शिवेना. बापू कळवळले. "काय ऱ्हवला तुमचा? विडी व्हयी?" विडी ठेवली. कावळा हलेना. बापू माझ्याकडे वळले. "जा रे, तुझी छत्री घेवन ये." मी माझी नवी कोरी छत्री पानाशेजारी ठेवली मात्र, कावळा झपकन उतरला. ती छत्री मी पुन्हा उघडली नाही.

आता एकच पान उरलं होतं, बापूंच्या मांडीजवळ. त्याला त्यांनी हाक मारलीच नव्हती.

"हे कुणाचं, बापू?"

"झिलाचा माझ्या. बोटीर गेलो. मगे खबर नाय."

तेवढ्यात एक कावळा उड्या मारत त्या पानाकडे आला. बापूंनी घोंगडीतून काठी काढली. "हुश! हय कोण मेलो नाय!" दुसरा आला, त्यालाही हाकललं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "शिवलो नाय मा? दरवर्साक बघतंय. शिवलो नाय, म्हणजे जितो आसा."

बेवारशांसाठी छत्रीसुद्धा मागवणारा हा माणूस पोटच्या पोराच्या पानावर काठी घेऊन बसला होता.

तापाच्या ग्लानीत बापूंचा डोळा लागला. काठी हातातून गळली. जेवून गेलेले सगळे कावळे परत आले आणि कातळाच्या कडेला ओळीने बसले. आवाज नाही. सगळ्यांच्या माना त्या एका पानाकडे. मग एकेक जण पुढे सरकू लागला.

मी काठी उचलली. ऊन उतरेपर्यंत मी त्या पानापाशी उभा होतो.

जाग आल्यावर बापूंनी आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शिवलो?"

"नाय, बापू," मी म्हटलं. "कोणीच शिवला नाही."