पहिलीचे जप्त आवाज

गेल्या वर्षी श्रावण लागायच्या सुमारास शिक्षण खात्याने आमच्या गावच्या पहिलीच्या वर्गाचे सगळे आवाज जप्त केले आणि पोत्यांत भरून, लाखेची सीलं मारून, माझ्या दुकानात आणून ठेवले.

माझं नाव महालिंग उटगे. धामणसावळीच्या पेठेत किराणा-भुसाराचं दुकान आहे, गाव अप्पा म्हणतं. शाळेत मी फार टिकलो नाही. वाचायला शिकलो ते पुड्या बांधायच्या रद्दीवरून. पुडीचा कागद मधूनच फाडलेला असतो, त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टींचे मधले भाग ठाऊक आहेत, शेवट फारसे नाहीत. ही गोष्ट मात्र माझ्या गल्ल्यासमोर घडली, म्हणून जरा पुढपर्यंत सांगता येईल.

तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल, तेव्हा आमची सांगून ठेवतो. पोरं शाळेत येतात ती बोलणं घरूनच घेऊन येतात. पण घरचं बोलणं म्हणजे दळलेलं पीठ. त्यातून गहू परत वेगळा काढता येत नाही. सुटा आवाज, म्हणजे नुसता क, नुसता म, हा सरकारी माल. तो दर जूनला टेम्पोने येतो, लहान लहान पोत्यांत, पोत्यावर अक्षर रंगवलेलं. बाईंनी तो वर्गात सोडायचा, पोरांनी हाताळायचा, आणि शाळा सुटताना पोत्यात परत भरायचा. पोरांना वाचता यायला लागलं की रिकामी पोती खात्याला परत. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

घोटाळा झाला तो साहित्यपेटीवरून. नियम असा, की आवाज फक्त मंजूर साहित्यासोबतच वापरायचा. तक्ते, चकचकीत कार्डं, एक घंटी, अशी पेटी असते. आमच्या शाळेची पेटी आलीच नाही. डोईफोडे बाईंनी तिची वाट पाहिली नाही. त्यांनी पोती उघडली आणि पोरांना अंगणात नेलं.

पांगरेकर साहेब हे आमच्या भागाचे विस्तार अधिकारी. माणूस वाईट नाही, चहाला बोलावलं तर बशी पुसून परत देणारा. पण नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते आले तेव्हा 'च' अंगणात टाळ्यांवर नाचत होता, 'फ' फुंकरीवर उडत होता आणि अख्खी पहिली त्यांच्या मागे पळत होती. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण पोषण आहाराची डाळ पोचवायला मीच गेलो होतो.

"बाई, पूर्वतयारी काय केलीत?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही, साहेब. टाळ्या लागतात, त्या पोरं घरूनच आणतात."

"मुलं हसत होती."

"हो."

"कोणत्या साहित्याच्या आधारे?"

बाई म्हणाल्या, "एकमेकांच्या."

साहेबांनी हे लिहून घेतलं आणि जप्तीचा हुकूम काढला. गावात कोरडी जागा माझीच, म्हणून माल माझ्या ताब्यात आला. सगळ्यांसमोर त्यांनी मला बजावलं, "उटगे, केस निकाली निघेपर्यंत हा मुद्देमाल आहे. सील तुटता कामा नये. आणि काही झालं तरी माल गावाच्या शिवेबाहेर जाता कामा नये. नियमच आहे तसा."

"नाही जाणार," मी म्हटलं.

मग ते बाईंकडे वळले. "दसऱ्याच्या सुट्टीआधी मी वाचन घेणार. पहिलीला वाचता आलं नाही, तर वर्ग बंद. मुलांनी घाटापलीकडच्या शाळेत जायचं."

"आवाज जप्त करून वाचन कसं घेणार, साहेब?"

"ती अडचण स्वतंत्र आहे," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

घाटापलीकडची शाळा म्हणजे सहा वर्षांच्या लेकरांनी टेम्पोच्या हौद्यात उभं राहून वळणं घेत जायचं. त्याच्या आदल्या साली शेजारच्या वाडीचा वर्ग असाच तिकडे गेला. आठवडाभर पोरं ओकत गेली, मग जायचीच थांबली. आता ती शेळ्यांमागे असतात.

जप्त आवाज दुकानात ठेवणं सोपं नाही, हेही सांगतो. 'स'च्या पोत्यापाशी आलेलं गिऱ्हाईक गॅस गळतोय म्हणून मागे सरायचं. म दिवसभर गुणगुणायचा, आमचं मांजर त्याच्यावरच झोपू लागलं. र रिकाम्या डब्यांना कापरं भरवायचा. ठ मात्र गुणी, एकदा ठेवला की ठेवला.

एक दिवस दुपारी, पेठेत सामसूम असताना, डोईफोडे बाई आल्या. मागे नऊ पोरं, दोघा-दोघांच्या रांगेत.

"अप्पा, पोती उघडा."

"बाई, सील आहे. मी शब्द दिलाय. पेठेत माणसाकडे शब्द सोडून काय असतं?"

"म्हणजे माझी पोरं शेळ्यांमागे जाऊ द्यायची?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

"मग काय म्हणताय ते तरी सांगा! पाव शेर साखर मागायला नाही आले मी."

बाई दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसल्या. पोरंही बसली. त्यातली एक बागवानाची तहसीन, पेरूच्या गाड्यावर वाढलेली, वजनाला हलकी आणि बोलण्याला भारी. ती पोत्यांकडे बघून म्हणाली, "अप्पा, आतमधे ते रडायलेत का?"

मला माझे मामा आठवले. त्यांनीच मला धंदा शिकवला. आमच्याकडे तात्या गुंजकर म्हणून एक गिऱ्हाईक होतं. दर बाजारी यायचं, गूळ चाखायचं, शेंगदाणे चाखायचं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचं आणि "विचार करतो" म्हणून पुढच्या दुकानात जायचं. पेठ संपेस्तोवर त्याचं जेवण व्हायचं. मी एकदा चिडलो. मामांनी माझा कान धरला. म्हणाले, "नमुना मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. नमुन्याला हिशोब नसतो. आणि चाखलेला नमुना परत घेत नाहीत." तात्याने जन्मात काही विकत घेतलं नाही, पण त्याच्या तेराव्याचं सामान आमच्याच दुकानातून गेलं.

मी उठलो आणि खुंटीवरची परखी काढली. धान्याच्या पेठेत ही सगळ्यांकडे असते. पोकळ, टोकदार लोखंडी पन्हळ. शिवलेल्या पोत्यात खुपसली की मूठभर दाणे घरंगळत हातात येतात. बाहेर काढून अंगठ्याने ताग सारखा केला की भोकही राहत नाही. पोतं न उघडता माल बघायचा, म्हणून तर ती केलेली.

"बाई, पोतं उघडता येणार नाही," मी म्हटलं. "नमुना दाखवता येईल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नमुना म्हणजे केवढा?"

"मुठीत मावेल एवढा."

"मूठ कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"नऊ गिऱ्हाइकं आहेत," बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

त्या दुपारपासून पहिलीचा वर्ग माझ्या दुकानात भरू लागला. बाई काही सामान आणत नसत. आल्यावर इकडेतिकडे बघत आणि जे दिसेल त्यावर डाव मांडत. पोत्यावर रंगवलेलं अक्षर बोटाने गिरवलं की मी प्रत्येकाच्या मुठीत नमुना घालायचो आणि बाई म्हणायच्या, "जा, त्याचं घर शोधा." पोरं मूठ पुढे धरून फळ्यांपाशी फिरायची. ग मुठीत असला की गव्हापाशी, गुळापाशी तो चुळबुळायचा, तांदळापाशी गप्प. तहसीनला ख मिळाला. तिने खोबरं शोधलं, खारीक शोधली, खडीसाखर शोधली, आणि मला ढास लागली तेव्हा मूठ माझ्या छातीला लावून म्हणाली, "बाई, अप्पांमधे पन हाय! खोकला!"

दुकानाला तीन पायऱ्या. खालच्या पायरीवर ग, मधल्या पायरीवर व, वरच्या पायरीवर त. आधी एकेक पायरी थांबून चढायची, मग पळत. पळत चढलं की वर पोचताना तोंडातून गवत बाहेर यायचं. पहिल्यांदा आलं तेव्हा पोरं इतकी दचकली, की खाली उतरून खरंच तेच आलं का म्हणून पुन्हा चढली.

मग मी बाईंना आमचा रुमाल दाखवला. जुन्या पेठेत भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून भाव करायचा. बाईंना हे भारी आवडलं. दोन पोरं समोरासमोर बसायची, हातांवर माझं उपरणं. एकाने शब्द म्हणायचा, दुसऱ्याने त्यात जितके आवाज ऐकू आले तितकी बोटं दाबायची. पटलं तर मान हलवायची, नाही पटलं तर पुन्हा भाव. गजू म्हणून एक पोरगं हट्टाने जास्तीचं बोट दाबायचं. "पडतं घ्या, शेठ," असं तहसीन त्याला पेठेतल्यासारखी म्हणायची.

आणि खेळ संपला, की पोरं नमुना तोंडात टाकायची. नमुना चाखायचाच असतो. यात मी काही शिकवलं नाही.

गावाला कळायला वेळ लागला नाही. कळल्यावर गाव गप्प बसलं, आणि आमच्या गावाने गप्प बसणं म्हणजे बंडच. उलट पोरांनी गिऱ्हाइकांवर जकात बसवली. मालाच्या नावातला पहिला आवाज सांगितल्याशिवाय माल मिळायचा नाही. जनाबाई ढोबळे, वय झालेली बाई, चहापत्तीला आली. पोरं गल्ल्यापुढे आडवी.

"आजी, आधी आवाज!"

"मेल्यांनो, डोकं दुखायलंय माझं!"

"आवाज!"

"च! च! च! घ्या! सोडा आता!"

"एकदाच म्हणायचा असतो, आजी," तहसीन म्हणाली.

दसऱ्याच्या सुट्टीआधी पांगरेकर साहेब आले. सोबत घाटापलीकडचा टेम्पो, रिकामा, पोरं न्यायला. टेम्पो पाहून बाईंचा चेहरा उतरला नाही, घट्ट झाला. साहेबांनी प्रत्येक सील भिंगाने तपासलं. शाबूत. मग 'क'चं पोतं उचललं, आणि ते टोपीसारखं वर आलं.

"उटगे, माल संपला?"

"संपला म्हणत नाहीत साहेब दुकानात. वाढला म्हणतात."

"सील शाबूत आणि माल नाही?"

"नमुना दाखवला, साहेब. परखीने. सील तोडू नका म्हणालात, तोडलं नाही. नमुना दाखवू नका असं म्हणाला नव्हतात."

साहेबांनी आपला हुकूम पुन्हा वाचला. खरोखर म्हणाले नव्हते. त्यांनी वहीत तसं नोंदवलं. मग विचारलं, "आत्ता माल कुठे आहे?"

बाईंनी पोरांकडे बोट दाखवलं. नऊच्या नऊ तोंडं मिटलेली होती.

साहेबांनी शाळेचा फळा मागवला आणि दुकानाच्या दाराला टेकवला. पेठ गोळा झाली. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. साहेबांनी खडूने स्वच्छ अक्षरात लिहिलं: माल परत करा.

"वाच," ते तहसीनला म्हणाले.

तहसीन पुढे झाली. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बाईंनी साडीचा पदर मुठीत गच्च धरला होता. तहसीनने आवाज एकेक करून काढले, पायरी चढावी तसे, आणि मग पळत म्हणाली, "माल परत करा."

साहेबांनी मान हलवली.

"नाही करत," तहसीन म्हणाली.

"हे फळ्यावर नाही."

"ठावं हाय मला. हे मी म्हनले. चाखलेला नमुना परत घेत नसतात." तिने मागे बघितलं. "नसतात ना, अप्पा?"

"नसतात," मी म्हटलं. मामा असते तर हेच म्हणाले असते.

साहेबांनी उरलेल्या आठही जणांना वाचायला लावलं. आठही जणांनी वाचलं आणि आठही जणांनी "नाही करत" म्हटलं. गजूने दोनदा म्हटलं, जास्तीचं बोट दाबायची सवयच त्याला. साहेब पुरते अडचणीत आले. माल दिसतोय, ऐकू येतोय, आणि काढून घेता येत नाही. त्यांनी जीपमधलं नियमांचं पुस्तक आणवलं, चाळलं, आणि शेवटी शांतपणे म्हणाले, "जप्त मालाने केलेलं वाचन धरता येत नाही, म्हणजे वर्ग बंद. आणि माल भांड्यापासून वेगळा करता येत नसेल, तर भांड्यासकट जप्त करावा लागतो."

पेठेत कुजबुज झाली. एका पोराची आई रडायला लागली.

डोईफोडे बाई मात्र पुढे आल्या. "करा जप्त," त्या म्हणाल्या. "आत्ता करा. सगळ्यांसमोर लिहा, की ही नऊ मुलं मुद्देमाल आहेत."

"लिहितोच आहे."

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"मग आता मुद्देमाल गावाच्या शिवेबाहेर न्या बघू, साहेब. तो टेम्पो उभाच आहे."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, मग पोरांकडे, मग स्वतःच लिहिलेल्या ओळीकडे. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही, आणि नियम मोडणारा तर मुळीच नाही. ते उठले, टेम्पोवाल्यापाशी गेले आणि म्हणाले, "तुम्ही जा. केस निकाली निघेपर्यंत हा वर्ग हलवता येत नाही."

मग त्यांनी प्रत्येक पोराच्या मनगटाला सुतळी बांधून लाखेचं सील लावलं. लाख गरम असते, म्हणून आधी फुंकर घातली. माल माझ्याच ताब्यात दिला. पोरं संध्याकाळी घरी गेली तरी चालेल, एवढी सवलत त्यांनी स्वतःच्या अधिकारात दिली.

केस चालू आहे. पुढची तारीख पडते, तिच्यापुढची पडते. यंदा पहिलीत नवी पोरं आली. खात्याने पोती पाठवली नाहीत, कारण त्यांच्या दफ्तरी माल गावातच शिल्लक दिसतो. तेव्हा दुसरीतली पोरंच नव्यांना नमुना देतात. साहेब येतात, सीलं बघतात, नव्या मनगटांना नवी सुतळी बांधतात, आणि बशी पुसून परत देतात.

मध्यंतरी तहसीनच्या मामाचं लग्न निघालं, तेही घाटापलीकडे. बागवान रीतसर परवानगी मागायला गेला. साहेबांनी पुस्तक पाहिलं आणि परवानगी दिली, मुद्देमालाने तोंड बंद ठेवून प्रवास करावा या अटीवर. तहसीन ओठ दाबून गाडीत बसली आणि ओठ दाबूनच परत आली. मी तिचं मनगट तपासलं. सील शाबूत.

"काय गं, तोंड बंद ठेवलंस ना?"

"रस्त्यानं ठेवलं."

"आणि लग्नात?"

"तिथल्या पोरींनी नमुना मागितला, अप्पा." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "नाही म्हनायचं नसतं ना?"

मी बरणीतून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.