मुलुंड पश्चिमेचं गुरुत्वाकर्षण

देवव्रत सरांनी वर्गातल्या पडद्यावर आलेख उघडला आणि मुलुंड पश्चिम पृथ्वी सोडून निघून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

खरं तर या दिवसाची त्यांनी केवढी वाट पाहिली होती. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी घरी सुतळीला कुलूप बांधून लंबक करायचा, झोके मोजायचे आणि लागलेला वेळ मोबाइलवरून एका वेबसाइटवर भरायचा. आलेख वेबसाइट काढणार, गुरुत्वाकर्षणाचा आकडाही तीच सांगणार. पोरांनी फक्त डोकं चालवायचं. हा उद्योग पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हे प्राचार्य शर्मिष्ठा मॅडम आज वर्गात बसून ठरवणार होत्या. मॅडम रसायनशास्त्राच्या. हातात परीक्षानळी नसेल तर त्याला त्या शिक्षण मानत नसत.

आणि पडद्यावर एका रेषेऐवजी दोन रेषा. वेबसाइटनं पत्त्याप्रमाणे रंगही दिले होते. मुलुंड पूर्वेची निळी पोरं नऊ पूर्णांक आठ दशांशवर शहाण्यासारखी बसली होती, पश्चिमेची लाल पोरं थेट एकोणचाळीसवर. एवढं तर गुरू ग्रहावरही नाही.

"पश्चिमेला जागेचे भाव जास्त, हे ठाऊक होतं," मॅडम म्हणाल्या. "वजनही चौपट?"

देवव्रतना घाम फुटला, पण भीतीपेक्षा कुतूहल मोठं होतं. वेंधळेपणा असता तर ठिपके कुठेही सांडले असते. हे तर ओळीत उभे होते. इतक्या जणांनी एकच चूक इतक्या शिस्तीत कशी केली?

चौकशीत कळलं, की पश्चिमेच्या सगळ्यांनी अक्षताच्या घरी मिळून प्रयोग केला होता आणि पूर्वेच्यांनी हर्षदच्या. सुतळ्या मोजल्या, त्या बरोबर निघाल्या. शेवटी सरांनी खिडकीच्या गजाला लंबक टांगला आणि दोघांना एकदमच मोजायला लावलं. हर्षद पाच म्हणाला तेव्हा अक्षता दहावर होती.

"तू काय मोजतेयस गं?" हर्षदनं विचारलं.

"झोके. गेला, एक. आला, दोन."

"येडी आहेस काय? जाऊन परत आला की एक झोका."

"मग जाणं काय फुकट?"

देवव्रतनी कपाळाला हात लावला. पोरांना सोपं जावं म्हणून सूचनेतला 'दोलन' शब्द त्यांनीच खोडून, मोठ्या प्रेमानं 'वीस झोके' असं लिहिलं होतं. ते कबुली द्यायला तोंड उघडणार, तोच मॅडम उठल्या.

"अक्षताचं बरोबर आहे. आम्हीही असंच मोजायचो."

पूर्वेच्या बाकांवर गलका झाला. मॅडमनी पदर खोचून कुलूप हातात घेतलं. तास संपल्याची घंटा वाजली, पण जागचं कुणी हललं नाही.

शेवटी अक्षताच भांडण सोडून पडद्याकडे बघत राहिली. "सर, आमचा वेळ निम्मा आला ना. सूत्रात वेळेचा वर्ग खाली आहे, म्हणून उत्तर चौपट." तिनं मोबाइलवर पश्चिमेच्या सगळ्या वेळा दुप्पट केल्या. लाल रेषा सरकली आणि निळीवर जाऊन बसली.

मॅडमनी उद्योग चालू ठेवायला परवानगी दिली. "मात्र दर प्रयोगात अशी एक चूक असू दे," त्या जाताना म्हणाल्या. "घंटा झाल्यावर थांबलेला वर्ग मी आजच पाहिला."

त्या संध्याकाळी देवव्रत पुढच्या प्रयोगासाठी एखादी चांगलीशी चूक शोधत बसले. आणि काय सांगावं, जन्मात पहिल्यांदाच त्यांचं सगळं बरोबर येत होतं.