जुन्या मोटारसायकलीस टायर घातले त्याची आणि गिरमाजीपंतांच्या मौनाची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि घडले ते न लपविता लिहवून घेते त्या लेखणीसही नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, आश्विन मासी एका डोंगराळ राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. थोरले महाराज कैलासवासी होऊन बहुत वर्षे लोटली होती आणि कारभार बाईसाहेब पाहत होत्या. महाराजांची मोटारसायकल एक होती, चाळीस वर्षांची, काळी, टाकीवर राजचिन्ह कोरलेली, आणि घाटमाथ्याच्या ठाण्यास मोटार जात नसे म्हणोन धुळोजी जासूद तिजवर बसोन दर तिसऱ्या दिवशी टपाल आणि दवाखान्याची औषधे वर पोचवीत असे. त्याचा आजा हेच काम पायी करी आणि बाप घोड्यावरून करी. त्या गाडीचे टायर जीर्ण जाहले, बगलेस भेगा पडल्या, आणि नवे घ्यावे ऐसे ठरोन ते काम गिरमाजीपंत कारखानीस यांजकडे आले, कारण राज्याची वाहने, खोगिरे, दिवे, दोर सारे त्यांजकडेच असे.

गिरमाजीपंत अकरा वर्षे कारखानीस होते. वडिलांमागे पद मिळाले, अक्षर सुरेख, बोलणे गोड, परंतु चाकात हवा किती असावी हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि इतकी वर्षे कोणास विचारिले नाही, मग आता विचारावे कैसे, ऐसे होऊन बसले होते. दावल मिस्त्री म्हणोन संस्थानचा जुना कारागीर, तो म्हणाला, "पंत, जुन्या टायरवर माप लिहिले आहे तेच आणा. या गाडीस अरुंदच चालतो. आणि बगलेवर चार आकडे असतात ते पाहोन घ्या." पंत म्हणाले, "मला शिकवू नकोस, दावल." आणि ते बाजारपेठेत गेले. तेथे व्यापाऱ्याने रुंद टायर काढोन मांडिले, काळेभोर, तेल लावोन चकचकीत केलेले, नक्षी ऐसी खोल की बोट बुडावे. पंतांच्या मनात आले, दसऱ्याच्या स्वारीत शेजारच्या राज्यांचे वकील येतील, ही गाडी पुढे चालेल, आणि लोक म्हणतील कारखानिसांनी शोभा आणिली. तरी मिस्त्रीचे बोलणे आठवोन त्यांनी बगल पाहिली. तेथे तीन, आठ, एक, एक ऐसे आकडे होते. त्यांचा अर्थ पंतांस कळेना. व्यापारी हसोन बोलिला, "आपणांस काय सांगावे, आपण जाणते." तेव्हा पंतांनी आकड्यांवरून बोट फिरविले आणि जाणत्यासारखी मान डोलविली. टायर घेतले. मिस्त्रीने ते पाहोन चाक खाली ठेविले आणि विचारिले, "आकडे पाहिले?" पंत म्हणाले, "पाहिले." मिस्त्री म्हणाला, "मागला टायर चाक धरिणाऱ्या चिमट्यास घासेल ऐसा वाटतो." पंत म्हणाले, "घाल." मग त्याने कानस घेऊन जागा केली आणि घातले.

दसऱ्यास गाडी मिरवली, वाहवा जाहली, आणि पंतांनी मान तुकविली. पुढे कार्तिकात एके सकाळी रस्ता दवाने ओला होता, धुळोजी घाट चढत होता, आणि तिसऱ्या वळणावर मागले चाक सटकले. गाडी कठड्यावर गेली, औषधांच्या बाटल्या फुटल्या, आणि धुळोजीची नडगी दोन ठिकाणी मोडली. गुराख्यांनी त्यास झोळीत घालोन खाली आणिले. आठा दिवसांनी दरबारी चौकशी बसली. धुळोजीस बाजेवर आणिले होते, पाय प्लास्टरात. बाईसाहेबांनी पुसिले, "पंत, गाडीत काही दोष होता काय?" पंत उभे राहिले आणि बोलिले, "टायर नवे कोरे होते, सरकार." एवढेच बोलिले. मग धुळोजीस पुसिले. तो म्हणाला, "मजकडोनच वेग जास्त जाहला असेल. मला तैसे आठवत नाही. परंतु टायर नवे होते, त्यांस बोल कैसा लावावा. माझाच दोष." पंत त्याच्याकडे पाहत होते. टायर मापाचे नव्हते, एवढे एक वाक्य बोलावयाचे होते, ते ओठांपर्यंत आले आणि तेथेच राहिले. मग हुकूम जाहला की धुळोजी बरा जाहला तरी त्यास गाडी देऊ नये, त्याने देवडीवर बसावे. तीन पिढ्यांचे काम गेले. धुळोजीने हात जोडिले आणि शिपायांनी त्याची बाज उचलोन नेली.

दुसरे दिवशी पंत मिस्त्रीच्या कारखान्यात गेले.  मिस्त्रीने तो मागला टायर पुढे ठेविला आणि म्हणाला, "नख रुतते का पाहा." पंतांनी नख दाबिले, ते रुतले नाही, टायर लाकूड जाहला होता. मग मिस्त्रीने आकड्यांवर बोट ठेविले. "पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढले दोन म्हणजे इंग्रजी साल, दोन हजार अकरा. हा माल सात वर्षे दुकानात पडोन होता. वर तेल लाविले होते इतकेच." पंत खाली बसले.  मग म्हणाले, "तू दरबारी का आला नाहीस?" मिस्त्री म्हणाला, "मला बोलावणे नव्हते. आणि आपण बोलाल ऐसे वाटले होते."  पंत घरी आले, परंतु अन्न गोड लागेना, आणि धुळोजीच्या आळीवरून जाण्याचे टाळोन ते लांबच्या वाटेने कचेरीत जाऊ लागले. बोलावयाचे आजवरून उद्यावर गेले आणि ऐसा महिना लोटला. मग मनास बरे वाटावे म्हणोन त्यांनी धुळोजीच्या घरी आपल्या कोठीतील तांदूळ आणि तूप पाठविले. त्याचे ऐसे जाहले की चौथे दिवशी धुळोजीची बायको सगुणा पंतांच्या ओसरीवर आली, पदर सावरोन पायांस लागली आणि म्हणाली, "दरबारात कोणी आमचे नव्हते. एक आपण आठवण ठेविली. मालक म्हणतात, पंतांचे उपकार फिटणार नाहीत." पंतांनी पाय मागे ओढिले. त्यांस तोंड वर करवेना. सगुणा गेली आणि ते ओसरीच्या खांबास धरोन उभे राहिले, आणि मग पागोटे न घालिताच वाड्याकडे चालिले.

बाईसाहेब दरबारी होत्या, मंडळी बसली होती. पंत उघड्या डोक्याने पुढे जाऊन बोलिले, "धुळोजीचा वेग नव्हता. टायर सात वर्षांचे जुने होते आणि मापाचे नव्हते. ते मी निवडिले. बगलेवरचे आकडे मला वाचिता येत नव्हते, येतात ऐसे दाखविले. दावल मिस्त्रीने सांगितले होते, ते ऐकिले नाही."  बाईसाहेबांनी पुसिले, "त्या दिवशी का न बोललात?" पंत म्हणाले, "लाज वाटली, सरकार." बाईसाहेब म्हणाल्या, "आणि आज?" पंत म्हणाले, "आज जास्त वाटते."  मग बाईसाहेबांनी आज्ञा केली की धुळोजीस काम परत द्यावे, भर दरबारात तैसे पुकारावे, आणि टायर पंतांनीच पुन्हा आणावे. पंतांनी पद सोडितो म्हणोन विनविले. बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हांस मोकळे केले तर तुम्ही सहज सुटाल. काम करा." मग पंत त्याच दुकानी गेले, गिऱ्हाइके उभी होती, आणि त्यांनी सर्वांदेखत व्यापाऱ्यास म्हटले, "मला यातले कळत नाही. जुने माप हे आहे. एकेक टायर काढा आणि आकडे वाचोन दाखवा." लोक एकमेकांकडे पाहोन हसले. पंतांचे कान तापले, परंतु ते उठले नाहीत, आणि एकोणीस टायर पाहोन त्यांनी दोन घेतले, अरुंद, साधे, त्याच साली बनलेले, नख दाबिले की रुते ऐसे. मिस्त्रीने ते फिरवोन पाहिले आणि म्हणाला, "हे चालतील."

फाल्गुनात धुळोजी पायावर उभा राहिला, किंचित लंगडत. पंत गाडीपाशी गेले आणि म्हणाले, "धुळोजी, मी तुझा अपराधी आहे." धुळोजी टपालाची थैली बांधीत होता. तो म्हणाला, "टायराचे मी मनात धरिले नाही, पंत. चूक कोणासही होते. परंतु माझाच दोष ऐसे मी म्हणालो, तेव्हा आपण माझ्याकडे पाहत होता." मग त्याने गाठ ओढोन घट्ट केली, गाडी सुरू केली आणि तो घाटाकडे गेला. पंत धूळ बसेतो तेथेच उभे होते.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. टायर उत्तम निघाले, टपाल वेळेवर जाते, आणि धुळोजी पंतांस रस्त्यात भेटला म्हणजे मुजरा करितो आणि थांबत नाही. लिहिले ते खरे आहे.