शिंकलं की दुखणारा गुडघा

वजनमापे तपासणी कार्यालयात बैठकांचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंना सगळे नोंदबाई म्हणत. वीस वर्षांत त्यांच्या नोंदीतून एखाद्या सदस्याचा खोकलाही सुटला नव्हता. दुकानदाराच्या किलोतली दोन ग्रॅमची खोट पकडणाऱ्या या कार्यालयाला एक गोष्ट मात्र सहा वर्षांत दिसली नव्हती. नोंदबाईंचं अंग बाहेर येत होतं, आणि शिंकल्या की त्यांना लघवी सुटत होती. शिंक येणारसं वाटलं की त्या पाय घट्ट जुळवून उभ्या राहत, आणि मोठ्या साहेबांना वाटे, बाई आदर दाखवताहेत.

डॉक्टरीणबाईंनी उपचार टप्प्याटप्प्याने केले होते. आधी व्यायाम दिला. खालचे स्नायू आवळायचे, दहा मोजायचे, सोडायचे. तो नोंदबाई बैठकीतच उरकत; साहेबांचं एक वाक्य संपेपर्यंत त्यांचे तीन फेरे होत. मग आत आधाराला कडी बसवली, ती दोनदा निसटली. शेवटी ऑपरेशन ठरलं.

"चौदा तारीख देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चुकवलीत तर पुढची सात महिन्यांनी. तोवर बसा आवळत."

रजेच्या अर्जात 'आजाराचे स्वरूप' असा रकाना होता. नोंदबाईंनी सवयीने खरं ते लिहिलं: 'गर्भाशय व मूत्राशय खाली सरकणे.'

अर्ज आस्थापना शाखेतल्या कारकुनाकडे गेला. शेरे मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याला शेरेबहाद्दर म्हणत. त्याने रकाना वाचला, कानापर्यंत लाल झाला आणि अर्ज पालथा घातला. दुसऱ्या दिवशी शेरा आला: 'सदर मजकूर कार्यालयीन सभ्यतेस धरून नाही. मोघम नमूद करावे.' नोंदबाईंनी लिहिलं, 'बायकांचा त्रास.' त्यावर शेरा आला: 'मोघम आहे. स्पष्ट नमूद करावे.'

नोंदबाई अर्ज घेऊन त्याच्या टेबलाशी गेल्या. "अरे बाबा, मग लिहू तरी काय?"

"बाई, तुम्ही मला आईसारख्या," शेरेबहाद्दर खणात काहीतरी शोधत म्हणाला. "तो शब्द माझ्याच्याने वाचवतसुद्धा नाही हो."

"त्यातूनच आलास ना जगात?"

शेरेबहाद्दरने त्यावरही शेरा मारला: 'वरिष्ठांकडे सादर.' प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं आणि त्यांनी पर्यायी शब्द सुचवण्यासाठी पाच जणांची समिती नेमली. विषय नाजूक, बायकांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून पाचही पुरुष घेतले. इतिवृत्ताला अर्थातच नोंदबाई.

अकरा तारखेला समिती बसली. विषय गोपनीय असल्याने दाराला आतून कडी घातली आणि अध्यक्षांखेरीज कुणी बाहेर जायचं नाही असं ठरलं. अध्यक्ष म्हणजे मोठे साहेब स्वतः चार वेळा 'अर्जंट फोन' म्हणून बाहेर जाऊन आले. फोन टेबलावरच होता, पण त्या वयाच्या पुरुषांना असे फोन येतात, हे सगळ्यांनी समजून घेतलं.

'पोट' हा शब्द नामंजूर झाला, कारण पोटावरून लोक खाली विचार करू लागतात. 'कंबर' एका सदस्याला चावट वाटली. तिसऱ्या तासाला कुणीतरी म्हणालं, "गुडघा?" आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. गुडघ्याचं नाव चारचौघांत घेता येतं.

"साहेब, माझे गुडघे चांगले आहेत," नोंदबाई म्हणाल्या.

"उत्तमच की. कागदावर दुखले म्हणजे झालं."

तेवढ्यात शिंक आली. नोंदबाई पाय जुळवून उठल्या, पण तीन तास आवळलेले स्नायू थकले होते, आणि उठेपर्यंत व्हायचं ते झालंच. बाई उठल्या म्हणजे सभा संपली, असं समजून सदस्यही उठले. नोंदबाईंनी ओल्या खुर्चीवर फाइल ठेवली. त्यांना लाज वाटली. आणि लाज आपल्यालाच वाटावी, याचा त्या लाजेहून जास्त संताप आला. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं, 'सभा संपली.' वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी गाळलं.

गुडघ्याची रजा पाच मिनिटांत मंजूर झाली. चौदा तारखेला ऑपरेशन झालं, छान झालं. सहा आठवड्यांनी त्या रुजू होताना शेरेबहाद्दरने गुडघा सुधारल्याची खात्री म्हणून त्यांना दोनदा जिना चढायला लावला. त्या वर्षी कार्यालयातल्या आणखी अकरा बायकांनी गुडघ्यासाठी रजा मागितली. साहेबांनी तातडीने जिन्याला नवा कठडा बसवला. बायकांचं स्वच्छतागृह होतं तिथेच राहिलं, तीन मजले खाली.

मग एका दुपारी शेरेबहाद्दर नोंदबाईंच्या टेबलाशी घुटमळला.

"बाई, तुमच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर द्याल? आईचा गुडघा दुखतो."

"चालताना?"

"नाही." तो कठड्याकडे बघत होता. "शिंकली की. बारा वर्षं झाली म्हणते. परवा पहिल्यांदा बोलली."

नोंदबाईंनी नंबर दिला. "तिथे जाऊन गुडघा म्हणू नकोस मात्र. गुडघाच उघडतील."

"मग काय सांगू?"

त्यांनी खणातून आपला पहिला अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. "वाच."

"गर्भ..." म्हणून तो खोकला. "घरी जाऊन वाचतो, बाई." अर्जाची घडी करून त्याने खिशात घातली.

वाचकहो, त्याला खुशाल हसा. फक्त हसून झालं, की प्रवासाच्या दिवशी पाणी न पिणारी, कुठेही गेलं तरी दाराजवळचीच खुर्ची धरणारी तुमच्या घरातली जी कुणी असेल, तिला समोर बसवा आणि ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्याच परिच्छेदात तुम्हालाही खोकला येतो का, तेवढं बघा.