मराठीत चालू असलेले संगणक : एक

माणूस विकत घेतलेल्या वस्तूची माहितीपुस्तिका कपाटात जपून ठेवतो आणि फुकट मिळालेल्या वस्तूची इंटरनेटवर. वाचण्याचा प्रश्न दोन्ही ठिकाणी उद्भवत नाही. तरीही पुस्तिका अद्ययावत असावी, याबद्दल सुसंस्कृत समाजात दुमत नाही.

‘अंबर’ ही संगणक चालवण्याची प्रणाली फुकट मिळते. जगभरचे हौशी लोक ती घडवतात आणि तिची मराठी पुस्तिका हैदराबादेत, सुलतान बाजारातल्या एका कापडदुकानावरच्या खोलीत, अकरा जणांची समिती सांभाळते. शर्वरी या समितीत सर्वांत नवी. पुण्याहून नोकरीला आलेली, आठवडाभर कंपनीसाठी इंग्रजी माहितीपत्रकं लिहिणारी. रविवारी तरी मराठीत लिहावं म्हणून ती हौसेने आली आणि पहिल्याच बैठकीत तिला सचिव करण्यात आलं. (शेवटी येणाऱ्याला सचिव करण्याची प्रथा आहे.)

अंबरची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. समितीची बैठक गणपूर्तीअभावी सरासरी सात महिन्यांनी भरते. हे गणित कधीच सुटणारं नव्हतं, पण अध्यक्ष हिम्मतराव यांनी त्यावर तोडगा काढला होता: प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शेवटची सुधारणा’ असं लिहून पुढे तारीख असते, ती बदलावी. तीन वर्षांत तारीख सहा वेळा बदलली, मजकूर एकदाही नाही. त्यामुळे मजकुरात एकही नवी चूक शिरू शकलेली नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

पुस्तिकेवर सचिवाचा फोन नंबर छापलेला असतो. तो आजवर कोणी वापरला नव्हता. एका मंगळवारी शर्वरीला बेगम बाजारातून फोन आला. बोलणारे अप्पाराव, मिरची-मसाल्याचे ठोक व्यापारी. शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. इंग्रजीशी कधी संबंध आला नाही.

“ताई, पान सोळा. वरच्या कोपऱ्यातलं चाक दाबा म्हणायलाव तुम्ही. चाकच न्हाई तिथं. सकाळधरनं ढुंडायलोय मी.”

“काका, ते चाक तीन आवृत्त्यांपूर्वी काढलं.”

“काढलं तर काढलं. मग पुस्तकातूनबी काढा की. कशाला परेशान करायलाव?”

शर्वरीला इतका आनंद झाला की तिने माफी मागायच्या ऐवजी आभार मानले. कोणीतरी वाचत होतं. तिने संध्याकाळीच पान सोळा नव्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी अप्पारावांचा सतराव्या पानासाठी फोन आला. त्यांनी पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि तिने लिहून घ्यायचं, अशी दोन महिन्यांत चाळीस पानं सुधारली. समितीने हा प्रकार गंभीरपणे घेतला आणि ‘यापुढे वाचकाने परस्पर वाचू नये’ असा ठराव केला.

एवढ्यात अंबरच्या मध्यवर्ती मंडळाचं पत्र आलं. ज्या भाषेत दहापेक्षा कमी संगणक चालू आहेत, ती भाषा पुढच्या आवृत्तीतून वगळण्यात येईल. मोजणी शुक्रवारी. सोबत तक्ता होता. मराठी: एक.

“मला तर शून्य वाटलं होतं,” हिम्मतराव तातडीच्या बैठकीत समाधानाने म्हणाले.

शर्वरीने तक्ता पुन्हा वाचला. तो एक म्हणजे अप्पाराव. भाषा वगळली की अप्पारावांचा संगणक एके दिवशी सकाळी इंग्रजीत उघडणार आणि ते फोन करून वाचून दाखवणार तरी काय? “पण आपले अकरा?” तिने विचारलं. सगळ्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. विचारता विचारता तिने स्वतःचा लॅपटॉप उघडला. तोही इंग्रजीतच होता. तिला मनापासून लाज वाटली.

ठराव झाला: भाषेच्या रक्षणार्थ सर्व सभासदांनी आठवडाभर मराठी सोसावी. शर्वरीने आपली भाषा तिथल्या तिथे बदलली. उरलेल्या दहांना ती कुठून बदलायची ते ठाऊक नव्हतं. पुस्तिकेत यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. पण पुस्तिका उघडण्याचा ठराव झालेला नसल्याने दहाही जणांनी शर्वरीकडून नंबर घेऊन अप्पारावांना फोन केला.

अप्पारावांनी फोन कानाखांद्यात धरून, मिरची तोलत, दहाही जणांना वाट दाखवली. “हौ, खाली या. अजून खाली. मराठी दिसायलंय का? दाबा. भिऊ नका साहेब, कायबी होत न्हाई.”

शुक्रवारच्या मोजणीत मराठीत चालणारे संगणक बारा भरले आणि मराठी वाचली. समितीने स्वतःचं अभिनंदन केलं. सोमवारी आकडा दोनवर आला. (दुसरा शर्वरीचा. तिला तीन दिवस काहीच सापडत नव्हतं. आता ती पुस्तिका पाहते.) बाकीचे इंग्रजीत परतले. परतीची वाट मात्र कोणालाही विचारावी लागली नाही.

पुढची मोजणी सहा महिन्यांनी आहे. आपण ही हकीकत इथवर वाचलीत, त्याअर्थी आपल्याला मराठी वाचता येतं. आपला फोन कोणत्या भाषेत चालतो, हे विचारण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला होता. पण वाचकांना कानकोंडं होईल म्हणून तो मागे घेण्यात आला. तरीही कोणाला भाषा बदलावीशी वाटलीच, तर अप्पारावांच्या दुकानी फोन करावा. दुपारी दोन ते चार माल उतरतो, तेवढा वेळ सोडून ते कधीही मोकळे असतात. अजून कोणाचा फोन आलेला नाही.