खापरावरचे मांडे आणि दोन डॉक्टर

झुंबरबाईंच्या बोटांच्या पेरांवर सूज आली आणि घरात जो तो वैद्य झाला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. हातावर पुरणाचा मांडा फिरवून चुलीवरच्या खापरावर टाकायचा मान या घरात झुंबरबाईंचा. तो धाकट्या जावेच्या, भिकुबाईच्या हाती जायचा? त्यापेक्षा खापर फुटलेलं बरं!

नेमका भिकुबाईच्याही सांध्यांत तोच वात. गाव पारोळ्याजवळचं, जळगाव आणि धुळ्याच्या मधलं; झुंबरबाईंच्या लोटननं आईसाठी जळगावचा डॉक्टर गाठला, भिकुबाईच्या अभिमननं धुळ्याचा. जळगावच्यानं आठवड्यातून एकदाच घ्यायची पिवळी गोळी दिली आणि सांगितलं, "गुण यायला दोन-तीन महिने लागतील."

"आठोडाले एक?" झुंबरबाई फणकारल्या. "गोयी शे का बाजारना दिवस?"

धुळ्याची गोळी रोजची. चार दिवसांत भिकुबाई लुगडं स्वतः पिळू लागली.

"अक्का, मना डॉक्टर देवमाणूस शे."

"मंग त्याले नारय फोड! मना डॉक्टर शिकेल शे. त्यानी दवाई हयूहयू, पन पक्की!"

असं ठणकावून झुंबरबाई भिकुबाई गोठ्यात जायची वाट पाहत बसल्या. ती गेली, की तिच्या डबीतली धुळ्याची गोळी यांच्या पोटात आणि यांची पिवळी गोळी चुलीत. चोरी कसली? घर एकत्र, चूल एकत्र, दुखणंही एकत्र!

आखाजीला झुंबरबाईंची बोटं लोण्यासारखी सुटली. भिकुबाईची डबी मात्र आधीच रिकामी. नव्या गोळ्या आणायला लग्नसराईच्या गर्दीत धुळ्याच्या एस्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा मांडा मनगटावरच फाटला. झुंबरबाईंचा मांडा खापरावर अलगद पसरला, कुठे भोक नाही.

इथं गप्प बसल्या असत्या तर त्या झुंबरबाई कसल्या? सगळ्या भाऊबंदांसमोर गरजल्या, "देखा! हाई जळगावनी दवाई शे!"

भिकुबाईनं डोळ्यांना पदर लावला. "अक्का, तुम्हनंच खरं निंघनं. धुयानी दवाई चार दिननीच, डबी सरनी का गुन सरना."

अभिमननं धुळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या तिथे चुलीत टाकली. "आई, आते काकीन्याच गोया तुलेबी आनसू."

शेजारची शेवंताबाई लगेच पुढं सरकली. "जेठ महिनामा मनी पोरनं लगीन शे. सगया मांडा अक्काच करतीन!"

"करसू ना," झुंबरबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी पदराआड बोटं मिटून पाहिली. बोटं बिचारी अडाणी. जळगाव जिंकलं, हे त्यांना कोण समजावणार?