निर्भय पार्कातला राखणदार

बायकापोरांसकट राहायला वस्ती कशी निवडावी, हे कुणीही मला येऊन विचारावं! लोक काय बघतात? पाणी किती वेळ येतं, शाळा किती लांब, बाजार कुठे. सगळं फुटकळ! मी एकच प्रश्न विचारायचो, "इथे बिबट्या येतो का?"

हसू नका. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. हवा उत्तम, पाणी गोड आणि शेजार बिबट्याचा! मागच्या हिवाळ्यात त्याने आमच्या अंगणातून मोत्या कुत्रा उचलला. मी तिथेच ओटीवर बसून चहा पीत होतो. बिबट्याने दोघांतला एक निवडला आणि तो मी नव्हतो, एवढंच माझं नशीब! तेव्हापासून दिवेलागणीनंतर मी एकट्याने उंबरा ओलांडलेला नाही. परसात जायचं झालं तर नम्रताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, दारात थाळी वाजवत उभं करायचो.

शेवटी एकदा तिने थाळी आपटली. "एक तर गाव सोडा, नायतर भीती सोडा! माझा हात दुखायला लागला!"

भीती सुटणं शक्य नव्हतं. मी गाव सोडायचं ठरवलं. माझी नोकरी शहापूरला, आमची लेक हेतल आता शाळेत जाणार; चारचौघांत सांगायला कारणं झकास होती.

शहापूरच्या एजंटला मी पहिला प्रश्न तोच विचारला. तो गोंधळला. म्हणाला, "साहेब, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. बिबट्याचं बिल्डरला विचारून सांगतो!"

अशा सात-आठ जागा नाकारल्यावर मला 'निर्भय पार्क' सापडलं. चारी बाजूंनी पुरुषभर उंच भिंत, भिंतीवर काचा, गेटवर नवशा नावाचा वॉचमन. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे बिबट्याला जिने चढून यावं लागणार! फ्लॅटचे मालक कुंडलिकशेठ हेच सोसायटीचे चेअरमन. ते छाती ठोकून म्हणाले, "साईनाथराव, आमच्या सोसायटीत मांजर पन नवशाला इचारून आत येते!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशा माणसाच्या शोधात मी होतो!

पण आमचे आबा अडून बसले. "म्हसाच्या जत्रेत बैल घेतो तवा काय करतो रे आपण? चालवून बघतो. जागा पन वापरून बघायची. आधी एक मुक्काम करू, मंग काय ते ठरवू."

कुंडलिकशेठ भला माणूस, तयार झाला. शनिवारी आम्ही चौघं निघालो. आबांनी माझ्या खांद्यावर एक पोतडी दिली. उचलताना माझ्या कमरेतून कड्कन आवाज आला.

"आबा, काय आहे ह्यात?"

"तांदूळ."

लिफ्ट नेमकी बंद! तीन मजले ते तांदूळ मी पाठीवर वाहिले. पण त्या रात्री जी झोप लागली, ती लग्नानंतर पहिलीच! थाळी नाही, कडी नाही, काही नाही. रविवारी उठलो तेव्हा माझं ठरलं होतं: मरेपर्यंत इथेच!

आणि खालून किंकाळी आली.

किंकाळी शेठच्या बायकोची, कमळवहिनींची होती. त्या मागच्या भिंतीजवळ देवासाठी फुलं तोडायला गेल्या होत्या. तिथे जास्वंदीखाली शेंदूर फासलेला एक दगड उभा! त्यावर वाघ कोरलेला, पुढे फोडलेला नारळ. काल तिथे काहीच नव्हतं. मी गॅलरीतून वाकून बघत होतो. कुंडलिकशेठ बनियनवरच धावत आले. मागून नवशा. तो उंबरमाळीकडच्या पाड्यावरचा. दगड पाहताच त्याने हात जोडले.

"वाघोबा हाय ह्यो, शेठ."

"पन इथं कशाला आलाय?"

"त्ये मला काय म्हाईत? आमच्याकडं जिथं बिबट्या येतो, तिथंच ह्याला बसिवतात."

झालं! शेठनी मागे वळूनही पाहिलं नाही, चपला तिथेच सोडून पळाले. सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, 'मागे बिबट्याचा संशय.' दुसरा, 'पार्किंगमध्ये बिबट्या.' मग, 'दोन आहेत, एक गाभण आहे.' कुणीतरी फोटोही टाकला. त्यात बिबट्या बर्फात उभा होता. शहापुरात बर्फ कुठून, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती. मला तर नव्हतीच! मी दार लावलं, दाराला पलंग लावला, पलंगावर सिलिंडर ठेवला आणि सिलिंडरला धरून बसलो.

"इथंपण आला गो तो!" मी रडवेला झालो. "माझ्या वासावर आला!"

"तुमचा वास राहू द्या," नम्रता म्हणाली. "आबा कुठं हायत?"

आबा घरात नव्हते!

भीती माझी, हट्ट माझा, आणि त्यापायी सत्तरीचा बाप बिबट्यासमोर! मी सिलिंडर उतरवला. पलंग सरकवला आणि खाली गेलो. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात थाळी. वाजवायला ह्या वेळी मीच होतो.

थाळी ऐकून कुंडलिकशेठ छत्री घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं, सगळे जमताहेत. जमलो आम्ही दोघंच. नवशा गेटबाहेर उभा राहून गेटला बाहेरून कडी लागली आहे ना, ते बघत होता.

"तुमी पुढं व्हा," शेठ म्हणाले. "तुमाला सवय हाय."

"तुम्ही चेअरमन आहात!"

असं एकमेकांना ढकलत आम्ही पाण्याच्या टाकीपाशी पोहोचलो. तेवढ्यात टाकीमागून आवाज आला, "खर्र... खर्र... खर्र!"

बिबट्या अगदी असाच गुरगुरतो, लाकडावर करवत चालवल्यासारखा! शेठ उभ्या स्कूटरवर चढले. मी शेठवर चढलो. स्कूटर पडली, शेठ स्कूटरवर पडले आणि मी शेठवर.

टाकीमागून आबा आले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात बिडी. एक ढास लागली, खर्र!

"काय रे, सकाळच्या पारी कुस्ती कसली?"

"आबा, पळा! बिबट्या! तो दगड..."

"त्यो? त्यो आपला वाघोबा. पाथरवटाकडून नवा घडवून घेतला, पहाटं पायरी-पायरीनं सरकवत खाली आनला. नव्या जागंला राखणदार नको?"

मी खाली बसूनच कमरेला हात लावला. तांदूळ!

शेठ आधी रागावले, मग हसायला लागले. मजल्यामजल्यावरची दारं उघडली. कमळवहिनींनी सगळ्यांसाठी चहा ठेवला. मी मोठ्या मनाने शेठच्या अंगावरची धूळ झटकली. फ्लॅट मिळणार ह्यात शंकाच नव्हती.

चहा पिता पिता शेठनी सहज विचारलं, "म्हंजे आबा, बिबट्या-बिबट्या काय नाय ना इथं?"

"आता नाय," आबा म्हणाले.

शेठनी कप खाली ठेवला.

"आता नाय म्हंजे?"

"आमच्याकडं वाघोबा बसला का बिबट्या दर्शनाला येतो. वाघबारशीला, त्याच्या सणाला, तर हमखास! इथली वाट नवी हाय, घावायला जरा टाइम लागंल त्याला."

पंधरा मिनिटांत आम्ही चौघं आणि पोतडीत घातलेला वाघोबा गेटबाहेर होतो. आबा जाताना एवढंच म्हणाले, "बसवलेला देव उठवू नये, शेठ. रागावतो त्यो." शेठनी गेट लावून घेतलं. पोतडी परत माझ्याच खांद्यावर!

गावी आलो. नम्रताने दोन दिवस थाळीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने ती आपणहून हातात घेतली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

आणि परवा कुंडलिकशेठचा फोन आला. आवाज कापत होता. "साईनाथराव, मागच्या भिंतीवर खरोखरचा बिबट्या बसलेला! नवशानं बघितला, मी बघितला, कमळनं बघितला! तुमचा देव उठवला म्हनूनच आला. आबांना सांगा, वाघोबाला घेऊन या. फ्लॅट तुमचाच! भाडं काय द्यायचं ते द्या!"

आबांनी पोतडी झटकून ठेवली आहे. नम्रताने भांडी बांधली आहेत. हेतल शेजारीपाजारी सांगून आली आहे. घरात आनंदीआनंद आहे! फक्त मला सकाळपासून थंडी वाजून ताप भरल्यासारखं होतंय.

आता एक करा, आमच्या घरी बोलू नका. बदलापूरला एक जागा आहे म्हणतात, सातव्या मजल्यावर. उद्या बघून येतो. एकटाच. आणि निघताना पिशवी उघडून बघणार आहे!